काडतूस नेमके कुठे अडते?

कान्हा व्याघ्र प्रकल्पाचा काही भाग सामावून घेणारा मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा महाराष्ट्रातील गोंदियाला लागून आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा जंगलपट्ट्यांतील शिकारीचे दिवस सरले, तरी वारशाने आलेल्या, परवान्यावर नोंदलेल्या बंदुका काही घरांत उरल्या. अशा घरात बेल्जियमच्या एफएन कारखान्याची ‘ऑटो-५’ ही अर्धस्वयंचलित बारा बोअर बंदूक असेल, तर तिच्याविषयी हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे दुसरे काडतूस चढत नाही.

या तक्रारीचा दोष बहुतेक वेळा मॅगझिनवर ढकलला जातो. प्रत्यक्षात रिकामे काडतूस बाहेर पडले की नाही, हे आधी पाहावे लागते. जॉन ब्राउनिंग यांच्या या रचनेत बार उडताच नळी आणि बोल्ट एकत्र मागे सरकतात. नळी पुढे परतताना रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि मगच नवे वर उचलले जाते. नळी पूर्ण मागे आली नाही, तर रिकामे काडतूस आतच अडकते. याचे मूळ लाकडी हातपकडीखालच्या घर्षणकड्यांत सापडते. भारी काडतुसांसाठी पोलादी कडे स्प्रिंग आणि पितळी कड्याच्या मध्ये असते. हलक्या काडतुसांसाठी ते स्प्रिंगच्या मागे जाते. भारी मांडणीत हलके काडतूस वापरले की धक्का अपुरा पडतो. उलट चूक केल्यास बंदूक चालते, पण खांदा ठेचतो आणि लाकूड तडकते. मॅगझिनच्या नळकांड्यावरील गंजामुळेही नळी अडखळते; तिथे तेल मात्र नाममात्रच हवे.

रिकामे बाहेर पडले, पण नवे आलेच नाही, तर मात्र संशय मॅगझिनवर. केवळ शेवटचे काडतूस मागे राहत असेल, तर स्प्रिंग थकलेली असते. नवे काडतूस चेंबरच्या तोंडाशी अडत असेल, तर ओलीने फुगलेले जुने कागदी काडतूस किंवा दस्त्यातली गंजलेली स्प्रिंग, ही दोन कारणे आधी तपासावीत. दस्ता काढल्याशिवाय ही स्प्रिंग दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे विसरली जाते. आपल्या सत्तरी-सांग्याच्या पावसात हे वेगळे सांगायला नको.

काडतुसावर छापलेली ६५ किंवा ७० मिलिमीटर ही लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाची असते. त्यामुळे ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसते, पण उडताना दाब धोकादायक वाढतो. चेंबरची लांबी नळीवर कोरलेली नसेल तर ती मोजून घ्यावी.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर बंदूक रिकामी करून नळी आरपार पाहावी. आत बूच अडकले असताना पुढचा बार उडवला तर नळी फुटते. घरी तपासणी करताना जिवंत काडतूस नको, डमीच हवे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार व्यवसाय म्हणून शस्त्रदुरुस्ती करण्यासही परवाना लागतो, त्यामुळे कानशीने ‘जरासे’ घासून देणारा ओळखीचा लोहार इथे उपयोगाचा नाही.