साठ चित्रांत मावलेलं स्थलांतर

लेखमाला : कृष्णवर्णीय कलावंत आणि अमेरिकेचा इतिहास – लेखांक ७

हार्लेममधल्या शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज यांची ओळख गेल्या आठवड्यात झाली. १९३७ साली त्या एका होतकरू चित्रकाराला सरकारी कला-योजनेच्या कचेरीत घेऊन गेल्या. योजनेसाठी मुलाचं वय कमी भरलं. वर्षभराने एकविसावं पूर्ण होताच बाई त्याला पुन्हा घेऊन गेल्या आणि नाव नोंदवूनच परतल्या. त्या मुलाचं नाव जेकब लॉरेन्स.

लॉरेन्स यांचा जन्म १९१७चा, अटलांटिक सिटीचा. आईवडील दक्षिणेतून पोटापाण्यासाठी उत्तरेत आलेले. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले आणि उत्तरेतल्या कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. त्याच सुमारास दक्षिणेत कापसाची बोंडं पोखरणाऱ्या भुंग्याने पीक बुडवलं होतं. वाट्याने शेत कसणारी कृष्णवर्णीय कुटुंबं कर्जातून वर येत नव्हती आणि झुंडबळींची दहशत तर कायमचीच होती. ‘शिकागो डिफेंडर’सारखी वृत्तपत्रं उत्तरेतल्या कामाच्या बातम्या छापत, लोक गाठोडी बांधत. १९७० पर्यंत सुमारे ६० लाख माणसांनी दक्षिण सोडली.

हा इतिहास चितारायचं लॉरेन्स यांनी ठरवलं, तेव्हा ते विशीतच होते. १९४० साली रोझेनवाल्ड निधीची शिष्यवृत्ती मिळाली. हार्लेमच्या १३५व्या रस्त्यावरच्या ग्रंथालयात बसून त्यांनी पुस्तकं आणि जुनी कात्रणं चाळली. प्रत्येक चित्राखालचा मजकूर लिहायला आणि हार्डबोर्डच्या फळ्यांवर पांढरा थर देऊन त्या तयार करायला चित्रकार ग्वेंडोलिन नाइट यांची मदत झाली. पुढे दोघांनी लग्न केलं.

खरी कमाल रंगकामाची. फळ्या ६०, प्रत्येकीचा आकार १२ बाय १८ इंच. एक चित्र संपवून दुसरं हाती घेण्याऐवजी त्यांनी आधी सगळी रेखाटनं करून घेतली. मग एक रंग उचलायचा, तो जिथे जिथे लागेल त्या सगळ्या फळ्यांवर लावायचा आणि पुढच्या रंगाकडे वळायचं. सुरुवात काळ्याने, शेवट उजळ रंगांनी. म्हणून पहिल्या चित्रातला पिवळा आणि साठाव्यातला पिवळा एकच आहे.

या पद्धतीमुळे मालिकेचा आशयही घडला. आधीच्या मालिकांत लॉरेन्स यांनी तूसाँ लूव्हरत्यूर, फ्रेडरिक डग्लस, हॅरिएट टबमन ही थोर माणसं रंगवली होती. इथे जसं कुठलंच चित्र एकटं घडलं नाही, तसा नायकही कुणी एकटा नाही. पहिल्या चित्रात शिकागो, न्यूयॉर्क आणि सेंट लुईस अशा नावांच्या तीन दारांकडे गर्दी लोटते आहे. ४९व्यात उपाहारगृहाच्या मधोमध पिवळा दोर नागमोडी ताणलेला दिसतो. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला कृष्णवर्णीय. म्हणजे उत्तरेतही भेदभाव सुटला नव्हता, हे लॉरेन्स लपवत नाहीत. झुंडबळीवरच्या पंधराव्या चित्रात मात्र प्रेत नाही. उघड्या फांदीला रिकामा फास लटकतो आणि खाली कुणीतरी अंग आक्रसून बसलेलं आहे. अत्याचार दाखवताना मेलेल्याच्या देहाचा तमाशा न करता मागे उरलेल्याचं दुःख समोर ठेवणं, हा तेविशीतल्या चित्रकाराचा निर्णय आजही थक्क करतो.

१९४१ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकाने यातली २६ चित्रं रंगीत छापली आणि न्यूयॉर्कच्या डाउनटाउन गॅलरीत प्रदर्शन भरलं. दोन संग्रहालयांना मालिका हवी होती, तेव्हा तिची वाटणी झाली. विषम क्रमांकांची चित्रं वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनकडे गेली, सम क्रमांकांची न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे. ही विभागणी आजही कायम आहे. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये सगळी ६० चित्रं एकत्र मांडली गेली, तेव्हा प्रेक्षकांना तो अखंड रंगप्रवाह सलग पाहता आला.

(पुढील लेखांकात : १९३९ साली लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायलेल्या मेरियन अँडरसन)