बस एका बाजूला का कलते?

आज पापड, लोणची, कर्ज, हप्ते यांतलं काही नाही. आज आपण बसच्या खाली वाकून बघणार आहोत. हसू नका. फिरतं दुकान करायचं म्हणून जुनी गाडी घ्यायचा विचार आता बऱ्याच गटांत चाललाय. आम्ही ते करून बसलोय आणि चुकाही करून बसलोय. तुमच्या तरी त्या टळाव्यात म्हणून हे सांगणं.

आमच्या गटाने शाळेची एक जुनी मिनीबस घेतली. सीटा काढल्या. उजव्या बाजूला ओटा, शेगडी, घरघंटी आणि सिलिंडर. डाव्या बाजूला झोपायला दोन बाकं. पाण्याची ३०० लिटरची टाकी अगदी मागे, उजव्या कोपऱ्यात, कारण तिथे जागा रिकामी होती. जत्रा असो की प्रदर्शन, तिथेच माल विकायचा, तिथेच रांधायचं, तिथेच झोपायचं. लॉजचा खर्च वाचला.

दोन महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. बस उजवीकडे कलायची. गतिरोधकावर मागून धाडकन आवाज यायचा. वळणावर भांडी एका बाजूला धावायची. आमच्यातली जी ताई बस चालवते ती सारखी म्हणायची, "स्टेअरिंग हलकं लागतंय, पुढची चाकं रस्ता धरत नाहीत." एका गॅरेजवाल्याने सांगितलं, बाईमाणसाला जड गाडीची सवय नसते, तुम्ही मागे दोन-दोन पाटे वाढवून घ्या. आम्हीही तिचं म्हणणं कानाआड केलं.

मग चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाट चढत होतो. टाकी काठोकाठ भरलेली, दुसऱ्या दिवशी बाजार होता. एका वळणावर ताईने स्टेअरिंग फिरवलं आणि बस वळायच्या ऐवजी सरळच सरकली. पलीकडे दरी. ती सावध होती, बस हळू होती, म्हणून आम्ही आज तुमच्याशी बोलतोय.

त्यानंतर आम्ही ठरवलं, आधी समजून घ्यायचं, मग पैसे काढायचे.

बसचं ओझं कशावर असतं? एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांवर. त्यांना पाटे म्हणतात. सगळ्यांत लांब तो मेन पाटा. सगळे पाटे मधोमध सेंटर बोल्टने एकत्र धरलेले असतात आणि यू-बोल्टने ॲक्सलला आवळलेले असतात. मेन पाट्याची टोकं गोल वळवलेली असतात, त्यांत रबराचा किंवा धातूचा बुश आणि पिन. ओझं आलं की पाटा सपाट होतो, म्हणजे लांबतो. म्हणून एक टोक हलत्या कडीला जोडतात, तिला शॅकल म्हणतात. पाटे ओझं पेलतात. शॉक ॲब्झॉर्बर ओझं पेलत नाही, तो फक्त उसळी थांबवतो. बस कलली तर दोष बहुधा ओझ्यात किंवा पाट्यांत. खड्ड्यानंतर बस झुलतच राहिली तर दोष बहुधा शॉकमध्ये. एवढा फरक लक्षात ठेवला तरी गॅरेजात फसवणूक कमी होते.

आता तपासणी. त्यासाठी शिवणकामाची टेप पुरते.

पहिलं, बस सपाट जागी उभी करा आणि चारही चाकांत हवा बरोबर भरा. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजा आणि लिहा. आमची मागची उजवी बाजू डाव्या बाजूपेक्षा ५ सेंटिमीटर खाली होती. मग आम्ही टाकी रिकामी केली, सिलिंडर आणि पोती उतरवली आणि परत मोजलं. फरक २ सेंटिमीटरवर आला. म्हणजे ३ सेंटिमीटर आमच्या मांडणीची चूक होती आणि २ सेंटिमीटर पाट्यांची. दोष दोन होते. नुसते पाटे वाढवले असते तर एकही सुटला नसता.

दुसरं, वजनकाटा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण बस, मग फक्त मागची चाकं. पूर्ण बसचं वजन आरसीवरच्या मर्यादेत निघालं. मागचा ॲक्सल मात्र मर्यादेच्या वर होता. हे कसं? बैलगाडी आठवा. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. तसंच हे. आमच्या बसच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर ३३० सेंटिमीटर. टाकी मागच्या चाकांच्याही ११० सेंटिमीटर मागे, म्हणजे त्या अंतराच्या एक तृतीयांश. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून भरलेली टाकी ३०० किलो. तिने पुढची चाकं १०० किलोंनी हलकी केली आणि मागच्या चाकांवर ४०० किलो टाकले. चढावर हे आणखी वाढतं. ताई दोन महिने हेच सांगत होती.

तिसरं, डोळ्यांनी पाहणं. पाटे पाण्याने धुवा, चिखलात चीर दिसत नाही. आमचा उजवीकडचा दुसरा पाटा सेंटर बोल्टजवळ तुटलेला होता, चिरेवर गंजाची रेघ होती. बुश झिजून पिन खिळखिळी झाली होती, धाडधाड तिचीच. शॉकवर तेल ओघळलेलं दिसलं तर तो गेला समजा. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतरही मोजा. ते सारखं नसेल तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलेला असू शकतो. अशी बस चालवू नका.

एक गोष्ट बजावून सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या बसखाली कधीही जायचं नाही. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. चाकांना पुढून-मागून दगड लावा, खाली भक्कम स्टँड द्या. पाटे खोलणं हे मिस्त्रीचं काम. आपलं काम मोजणं, बघणं आणि विचारणं.

मिस्त्रीला काय सांगायचं? तुटलेला पाटा वेल्डिंग करायचा नाही, तापवला की त्याचा पाणीपणा जातो आणि तो परत तुटतो. नवा पाटा त्याच जाडीचा आणि रुंदीचा हवा. एका बाजूचे पाटे बसले असतील तर दुसरी बाजूही बघून घ्यायची. यू-बोल्ट नवे टाकायचे, आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळून घ्यायचे. जादा पाटे घातले म्हणून बसची वजनाची परवानगी वाढत नाही, फक्त धक्के वाढतात.

मांडणी आम्हीच बदलली. टाकी मागच्या चाकांच्या पुढे, मधोमध आणली. आत पडदे असलेली टाकी घेतली, म्हणजे टाकी अर्धी असली तरी पाणी कमी हिंदकळतं. धान्याची पोती डावीकडच्या बाकांखाली गेली. आता दोन्ही बाजूंचा फरक १ सेंटिमीटरच्या आत आहे.

कागदांचंही बघा. बसमध्ये असे बदल करायचे तर आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ तेच सांगतं. हे काम सुताराला बोलावण्याआधी करा, नंतर नाही.

त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही ताईची माफी मागितली आणि तसं इतिवृत्तात लिहिलं. आता बसमध्ये एक वही टांगलेली आहे. दर महिन्याला चार मापं, आणि चालवणारीला जे जे जाणवलं ते. गाडी चालवणारीच्या हातांना जे कळतं ते टेपने मोजून बघायचं, उडवून लावायचं नाही. तुमच्या गटात गाडी असेल तर उद्या सकाळी टेप घेऊन तिच्याभोवती एक फेरी मारा.