आजी आज दिसल्या नाहीत!

संध्याकाळी काळेवाडीच्या गल्ल्यांतून फेरफटका मारला, की दोन दुचाकींच्या मध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेल्या आजी दिसतात. गावाकडच्या ओट्याची, पाराची एवढीच खूण इथे उरली आहे.

पवनेकाठची ही शेतजमीन कामगारांच्या घरांसाठी गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४० गुंठे किंवा त्याहून मोठ्या जागेत १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एका गुंठ्याच्या, १,०८९ चौरस फुटांच्या तुकड्यातून ती मिळणार कशी?

हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेने ७०० हून अधिक बळी घेतले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली. गरिबी आणि एकटे राहणारे वृद्ध दोन्हीकडे होते. तरी ओस पडलेल्या वस्तीतील मृत्यूचे प्रमाण गजबजलेल्या वस्तीच्या सुमारे दहापट होते. जिथे रस्त्यावर वर्दळ होती, तिथे माणसे घराबाहेर पडत होती आणि एकमेकांची विचारपूस करत होती.

याचे वैद्यकीय कारण साधे आहे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. उष्माघातात माणूस गोंधळतो, त्यामुळे मदतही मागू शकत नाही. त्याची अवस्था दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात यावी लागते.

ओळखी वाढण्यासाठी मोठे उद्यानच हवे असे नाही. बाक एका रांगेत न ठेवता समोरासमोर ठेवावेत. त्यांना पाठ आणि हात असावेत; गुडघे दुखणाऱ्यांना उठताना आधार होतो. कडुनिंब किंवा करंजाची सावली, पायरी नसलेली वाट, पुरेसा उजेड आणि जवळ स्वच्छतागृह असावे. मुलांची खेळायची जागा बाकांवरून दिसावी, म्हणजे आजोबा आणि नातवंडे दोघेही रमतात. मोठ्या सोसायट्यांनी आपल्या मोकळ्या जागेचे वाहनतळ करू नये. दाट गल्ल्यांत कोपऱ्यावरचे एक झाड आणि त्याभोवतीचा पारही पुरतो. शाळेचे मैदान संध्याकाळी खुले ठेवता आले तर उत्तमच.

आपल्या गल्लीची प्रकृती तपासायला एक प्रश्न पुरेसा आहे: एकट्या राहणाऱ्या आजी आज खाली आल्या नाहीत, हे दिवेलागणीपर्यंत कोणाच्या लक्षात येईल का?