वजीर लवकर निघाला, तर?

गेल्या वर्षी काही कामानिमित्त वडोदऱ्यास जाण्याचा योग आला. गायकवाडांच्या या नगरीत मराठी बोली परकी नाही. नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झालेल्या आपल्याकडील एका कुटुंबाच्या भेटीस मी सायंकाळी गेलो. घरात विलक्षण शांतता होती. अकरा वर्षांचा मुलगा बुद्धिबळाचा पट पलंगाखाली सरकवून भिंतीकडे तोंड करून बसला होता. शाळेच्या सामन्यात अवघ्या चार चालींत त्याच्यावर मात झाली होती, आणि भोवतालची मुले हसली होती.

“फादर, मी आता कधीच खेळणार नाही,” तो म्हणाला. थोड्या वेळाने मात्र हळूच पुढे म्हणाला, “नाहीतर ती युक्ती मलाच शिकवा. मीही दुसऱ्यांना तसेच हरवीन.”

सेमिनरीत असताना या खेळाचा मला नाद होता. मी पट बाहेर काढविला. आजोबाही चष्मा लावून जवळ येऊन बसले.

ती युक्ती अशी. दोन्ही बाजूंची राजापुढील प्यादी दोन दोन घरे पुढे येतात. लगेच पांढरा वजीर तिरकस धाव घेऊन पटाच्या उजव्या कडेला जाऊन बसतो. तेथून त्याची दृष्टी दोन ठिकाणी असते: एक, काळ्याच्या पुढे आलेल्या प्याद्यावर, दुसरी, काळ्या राजाशेजारच्या उंटापुढील प्याद्यावर. या दुसऱ्या प्याद्याला राजावाचून कोणाचाही आधार नसतो. पुढे पांढरा उंट त्याच प्याद्यावर रोखला जातो, आणि काळा बेसावध राहिला की वजीर ते प्यादे मारून मात करतो.

आजोबा म्हणाले, “आमच्या देशी डावात प्यादे पहिल्यानेही एकच घर चाले. एवढी घाई नव्हती.” त्यांचे म्हणणे यथार्थ होते. प्राचीन चतुरंगात तर मंत्री तिरकस एकच घर चालत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्यास आजचे सामर्थ्य प्राप्त झाले, आणि त्याबरोबरच त्याला लवकर बाहेर काढण्याचा मोहही उत्पन्न झाला.

आता यावर उपाय पाहा. प्रथम वजिराकडील घोडा बाहेर काढून धोक्यातील प्याद्यास आधार द्यावा. उंट रोखला गेला की राजाकडील घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून वजिरास हटवावे. तो मागे येऊन पुन्हा त्याच दुबळ्या प्याद्यावर नेम धरील. तेव्हा दुसरा घोडा मध्ये आणून वाट बंद करावी. आता हिशेब करा. काळ्याचे दोन्ही घोडे रणांगणात आले. पांढऱ्याचा वजीर मात्र दोनदा हिंडून स्वतःच्याच घोड्याचे उत्तम घर अडवून बसला! २००५ साली हिकारू नाकामुरा या अमेरिकन ग्रँडमास्टरांनी आपल्या चेन्नईच्या कृष्णन् शशिकिरण यांच्याविरुद्ध हीच चाल खेळण्याचे धाडस केले. शशिकिरण भ्याले नाहीत. दीर्घ झुंजीनंतर विजय त्यांचाच झाला.

“म्हणजे वजीर लवकर काढूच नये?” मुलाने विचारले.

तसेही नाही. सुमारे १४७५ साली स्पेनमधील व्हॅलेन्सिया नगरीत तिघा कवींनी एका काव्यात बुद्धिबळाचा एक डाव गुंफला. त्यांपैकी बर्नात फेनोल्यार हे धर्मगुरू होते. नव्या वजिराने खेळलेल्या ज्ञात डावांत तो सर्वांत जुना मानला जातो. त्यात काळा आपल्या वजिरापुढील प्यादे दोन घरे सारतो, पांढरा ते मारतो, आणि काळा वजीर दुसऱ्याच चालीत बाहेर येऊन त्याची भरपाई करतो. या प्रारंभास आज स्कँडिनेव्हियन म्हणतात. येथेही पांढरा घोडा पुढे येऊन वजिरास हुसकावतो, वेळ खर्ची पडतो. परंतु काळ्याची प्यादी भक्कम राहतात आणि त्याच्या मोहऱ्यांना वाट मोकळी होते. १९९५ साली न्यूयॉर्क येथे जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात विश्वनाथन् आनंद यांनी कास्पारोव्हविरुद्ध हाच प्रारंभ योजला. त्यांना चांगली स्थिती लाभली, तरी पुढे तो डाव ते हरले. तथापि दोष त्या प्रारंभाचा होता, असे जाणकार म्हणत नाहीत.

भेद एवढाच. पहिला वजीर दुसऱ्याच्या चुकीच्या आशेने धावतो. समोरच्याने चूक केली नाही तर त्याच्यापाशी दुसरा विचार नसतो. दुसरा वजीर काही कामासाठी निघतो आणि वेळ येताच मागे हटण्यात कमीपणा मानीत नाही. पहिल्या रीतीने नवशिक्यांवर दहा विजय मिळतील, पण खेळ वाढणार नाही. दुसरी रीत शिकताना पराभव पदरी येतील, पण प्रत्येक पराभव काही शिकवून जाईल.

मुलगा बराच वेळ पटाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आजोबा, तुम्ही पांढरे घ्या. वजीर काढा.” रात्री जेवणाची हाक तीनदा आली तरी दोघे उठले नाहीत.

दोन महिन्यांनी त्याच्या वडिलांचा दूरध्वनी आला. पुढच्या सामन्यातही चिरंजीव हरले होते. परंतु या वेळी चाळिसाव्या चालीस! कोणी हसले नाही. जिंकलेल्या मुलाने स्वतः हात पुढे केला. आणि पट आता पलंगाखाली नसतो, जेवणाच्या मेजाशेजारी मांडलेला असतो.