कॉम्प्युटर पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करताय? आधी मे महिन्याचा विचार करा

गेम अडकतोय, व्हिडिओ एक्सपोर्ट व्हायला तास लागतोय आणि नवा प्रोसेसर घ्यायला पैसे नाहीत. अशा वेळी कुणीतरी मित्र हमखास सांगतो, "ओव्हरक्लॉक कर की!"

म्हणजे नेमकं काय?

प्रोसेसरचा वेग म्हणजे साधा गुणाकार. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि मल्टिप्लायर ४५ असेल, तर वेग ४.५ गिगाहर्ट्झ. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या वर हा आकडा नेणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

१९९८ मध्ये आलेला इंटेलचा स्वस्त सेलेरॉन ३००ए यासाठीच गाजला. ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर अनेकांकडे ४५० वर चालायचा. थेट दीडपट! आज तसं होत नाही. आताचे प्रोसेसर गरजेनुसार स्वतःच वेग वाढवतात, त्यामुळे तुमच्या हाती थोडंच उरतं.

धोका कुठे आहे?

वेगापेक्षा व्होल्टेजमध्ये. वीजवापर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर उष्णता साधारण ३३ टक्क्यांनी वाढते.

त्यात आपला उन्हाळा. समजा, नागपुरात जानेवारीत खोलीचं तापमान २० अंश असताना प्रोसेसर ८२ अंशांवर गेला. सगळं ठीक वाटलं. मे महिन्यात एसी नसलेली तीच खोली ४० अंशांवर असेल, तर प्रोसेसर शंभरीपार जायला बघेल. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. म्हणजे एवढी खटपट करून मशीन उलट हळू!

सुरुवात कशी करायची?

१. आधी बॅकअप घ्या. अस्थिर मशीन फाइल्स खराब करू शकतं.

२. प्रोसेसर 'अनलॉक्ड' आहे का बघा. इंटेलमध्ये साधारणपणे नावात 'के' आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक डेस्कटॉप रायझेन अनलॉक्ड असतात, पण मदरबोर्डचीही साथ हवी. लॅपटॉपच्या वाटेला जाऊ नका.

३. काहीही बदलण्याआधी सिनेबेंचचा स्कोअर आणि तापमान लिहून ठेवा.

४. बायोसमध्ये मल्टिप्लायर फक्त एकने वाढवा. अर्धा तास टेस्ट चालवा. व्होल्टेज 'ऑटो'वर असेल तर काही मदरबोर्ड ते गुपचूप वाढवतात, त्या आकड्यावरही लक्ष ठेवा.

५. मशीन रीस्टार्ट झालं किंवा निळी स्क्रीन आली, तर एक पायरी मागे या. स्क्रीनच येत नसेल तर प्लग काढून मदरबोर्डवरचा गोल सेल काही मिनिटं बाहेर ठेवा. सेटिंग सहसा मूळ जागी येतं.

करावं की नाही?

जास्त व्होल्टेज किती महागात पडतं, हे २०२४ मध्ये दिसलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर झाले. वाढीव व्होल्टेज हे त्यामागचं कारण असल्याचं कंपनीने सांगितलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुम्ही स्वतः व्होल्टेज वाढवून प्रोसेसर खराब केलात, तर मात्र वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

त्यामुळे घरातला एकुलता एक कॉम्प्युटर ईएमआयवर असेल, तर आधी पंख्यांवरची धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला. थंड राहिलेला प्रोसेसर आपोआप जास्त वेळ वेगात चालतो. कधी कधी तेवढंच पुरतं.