तारीख आपण निवडावी, हिशेब आपण वाचावा

बीडजवळ कपिलधार येथे संत मन्मथस्वामींची समाधी व धबधबा आहे. धबधबा पावसाळ्यात जोरात कोसळतो, उन्हाळ्यात रोडावतो. फक्त ऑगस्टमध्ये पाहून गेलेला व फक्त मे महिन्यात आलेला, दोघेही खरेच सांगतात. पण धबधबा कळायचा तर वर्षभर पाहावा लागतो. गुंतवणुकीचेही तसेच आहे.

आज आपली नोकरदार मुले-मुली म्युच्युअल फंडात दरमहा पाचशे-हजार रुपये भरतात. त्याचा हिशेब मोबाईलवर दिसतो. पण तेथे मुदत आधीच ठरलेली असते, एक महिना किंवा एक वर्ष. महिन्याचा तोटा पाहून मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे घाईने काढून घेणारी घरे आम्ही पाहिली आहेत. उलट, एका चांगल्या वर्षाचा आकडा दाखवून भुलविणारे विक्रेतेही असतात. म्हणून 'पासून' व 'पर्यंत' हे दोन रकाने स्वतः भरायला प्रत्येकाने शिकले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स 14 जानेवारी 2020 रोजी सुमारे 42 हजार होता. करोनाच्या धास्तीने 23 मार्च 2020 रोजी तो सुमारे 26 हजारांवर आला आणि 23 मार्च 2021 रोजी 50 हजारांवर पोहोचला. मार्च ते मार्च मोजले तर वाढ नव्वद टक्क्यांहून अधिक. जानेवारी 2020 पासून मोजले तर सुमारे 19 टक्के. बाजार तोच, शेवटचा दिवस तोच. बदलली ती फक्त सुरुवातीची तारीख.

मग करावे काय? कॅम्स या निबंधक संस्थेच्या संकेतस्थळावरून एकत्रित खातेउतारा ई-मेलवर मागविता येतो. तेथे चालू आर्थिक वर्ष, मागील आर्थिक वर्ष व ठरावीक मुदत असे पर्याय असतात. तपशीलवार उतारा व ठरावीक मुदत निवडावी आणि 'पासून'मध्ये पहिल्या हप्त्याच्या आधीची तारीख घालावी. नंतरची तारीख घातली तर जुने हप्ते दिसत नाहीत. रोजकीर्दीत दिसते तशी नुसती आरंभीची शिल्लक येते.

दरमहा हजार भरले तर वर्षअखेरीस पहिला हप्ता बारा महिने राबलेला असतो, शेवटचा जेमतेम एक महिना. म्हणून नफ्याला एकूण रकमेने भागून दर काढू नये. प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढलेला वार्षिक दर, ज्याला एक्सआयआरआर म्हणतात, तो पाहावा.

विक्री केली असेल तर करासाठी 1 एप्रिल ते 31 मार्च हीच मुदत लागते. सन 2024-25 मध्ये तर वर्षाचे दोन भाग पडले. शेअरआधारित फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरील कर 23 जुलै 2024 पासून 10 टक्क्यांऐवजी साडेबारा टक्के झाला. त्या वर्षासाठी 22 जुलैपर्यंतचा व त्यानंतरचा हिशेब वेगळा काढावा लागतो.

घरातील कर्ता माणूस अचानक गेला तर वारसांनाही पहिल्या दिवसापासूनचा उताराच उपयोगी पडतो. तेव्हा वर्षातून एकदा तो छापून घरातील कागदपत्रांत ठेवावा. आणि भगिनींनो, तो नुसता ठेवू नका, वाचाही. घामाच्या पैशाचा हिशेब दुसऱ्याने निवडलेल्या तारखांवर सोडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.