मतं तीच, मोजणी वेगळी आणि सरपंच बदलला! रंगीत चित्रांतून समजून घ्या मतमोजणीचा खेळ

निकालाच्या दिवशी तहसील कार्यालयाबाहेर गुलाल उधळला जातो आणि पलीकडे चहाच्या टपरीवर पडलेल्या पॅनलची माणसं हिशेब मांडत बसतात. "तिसऱ्यानं मतं खाल्ली, नाहीतर आपलाच येत होता!" हे वाक्य ऐकलं नाही असा तालुका सापडणार नाही. पण मतं खाणं म्हणजे नेमकं काय? आणि मोजणीची पद्धत बदलली तर ते थांबतं का? का-पिंग यी या संगणकतज्ज्ञाने सुमारे वीस वर्षांपूर्वी या प्रश्नावर भाषण नाही केलं, चित्रं काढली.

चित्रांकडे जाण्याआधी एक काल्पनिक गाव घेऊ. गावातून एकच सरळ रस्ता जातो. वरची आळी, मधली आळी, खालची आळी. मतदार 1000. वाद एकच, पाण्याची टाकी कुठे बांधायची? तिन्ही आळ्यांतून एकेक उमेदवार सरपंचपदाला उभा आहे. वरच्याला 380, मधल्याला 280 आणि खालच्याला 340 मतं पडली. आपल्या नेहमीच्या पद्धतीने वरचा सरपंच झाला. खरं तर 620 लोकांना तो नको होता.

आता तेच मतदार, पण मतपत्रिकेवर 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा. वरच्या आणि खालच्या आळीची दुसरी पसंती मधल्याला. मधल्या आळीतल्या 280 पैकी 100 जणांची दुसरी पसंती वरच्याला आणि 180 जणांची खालच्याला. सगळ्यात कमी मतं मधल्याची, म्हणून तो बाद. त्याची मतं वाटली की वरचा 480 वर आणि खालचा 520 वर. खालचा सरपंच!

तिसरी पद्धत सरळ कुस्तीसारखी आहे. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोड लावायची. मधला विरुद्ध वरचा, 620 ते 380. मधला विरुद्ध खालचा, 660 ते 340. दोघांनाही चीतपट करणारा मधला सरपंच. माणसं तीच, मनं तीच, आणि तीन पद्धतींनी तीन सरपंच.

चौकोनातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक निवडणूक

यी यांनी हेच संगणकावर हजारो वेळा केलं. मोबाईलच्या पडद्यावर एक चौकोन आहे असं समजा. त्यात लाल, पिवळा, निळा असे उमेदवार ठिकठिकाणी बसवले. मग चौकोनातली एक जागा धरली आणि तिच्याभोवती मतदार पसरले, मध्ये दाट आणि कडेला विरळ, जशी पाराभोवती वस्ती असते तशी. जो उमेदवार जवळचा, तो मतदाराच्या पहिल्या पसंतीचा. मोजणी केली. लाल जिंकला तर त्या जागेवर लाल ठिपका. मग केंद्र जरा सरकवलं, पुन्हा मतदान, पुन्हा ठिपका. आडवे 200 आणि उभे 200 ठिपके धरले तरी एका चित्रात 40,000 निवडणुका होतात.

जोड लावण्याच्या पद्धतीचं चित्र सगळ्यात स्वच्छ दिसतं. गट नंबरच्या नकाशावर सरळ बांध असावेत तशा रंगांच्या हद्दी सरळ येतात, कारण वस्तीच्या मध्याला जो जवळचा तोच निवडून येतो. पटतील तेवढ्या सगळ्यांना टिक करायची मुभा दिली, तरी चित्र बरंचसं असंच येतं.

सर्वाधिक मतं मिळवेल तो विजयी, या आपल्या सवयीच्या पद्धतीच्या चित्रात मात्र मधल्या उमेदवाराची जागा दोन्हीकडून दाबली जाते. कधी कधी त्याचा रंगच चित्रातून गायब होतो. वस्तीचं केंद्र अगदी त्याच्या दारात आणून ठेवलं तरी तो पडतो! मतं खाणं ते हेच.

शेवटचा बाद करत जाणारी पद्धत यावर उपाय म्हणून सांगितली जाते, पण तिचं चित्र सगळ्यात विचित्र आहे. हद्दी वेड्यावाकड्या, एकाच रंगाचे तुकडे दोन ठिकाणी. काही जागी तर अख्खी वस्ती एखाद्या उमेदवाराच्या दिशेने सरकते आणि तरी तोच पडतो. खोटं वाटेल, म्हणून आपल्या गावात करून बघा. खालच्याने जोर लावून वरच्या आळीची 110 मतं फोडली. आता वरचा 270, मधला 280, खालचा 450. या वेळी बाद होतो वरचा. त्याची सगळी मतं मधल्याला जातात आणि मधला 550 वर जिंकतो. 340 मतांवर सरपंच झालेला माणूस 450 मतं मिळवून घरी बसला.

चित्रांची मर्यादाही आहेच. त्यातला मतदार फक्त अंतर बघतो. भावकी, जात, आदल्या रात्रीचं पाकीट, यातलं काहीच त्या ठिपक्यांना माहीत नाही.

हे फक्त कागदावर नाही

पसंतीक्रम लिहिणं आपल्याकडे नवं नाही. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत असंच मतदान होतं. मतमोजणीच्या दिवशी टीव्हीवर 'कोटा' आणि 'दुसऱ्या पसंतीची मतं' ऐकू येतात ती त्यामुळेच. राष्ट्रपतीही याच पद्धतीने निवडले जातात. 1969 मध्ये व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीच्या मतांचं मूल्य 4,01,515 मिळालं, नीलम संजीव रेड्डी यांना 3,13,548. तिसरे होते मूळचे रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख, 1,12,769. कोटा होता 4,18,169, म्हणजे पहिल्या फेरीत कुणीच पोचलं नाही. देशमुख आणि बाकीचे बाद होऊन दुसऱ्या पसंतीची मतं वाटली गेली, त्यातली बहुतेक रेड्डींकडे वळली. शेवट झाला गिरी 4,20,077 आणि रेड्डी 4,05,427 असा. जवळपास 88 हजारांची आघाडी पंधरा हजारांच्या आत आली होती.

मधला दाबला जाण्याचं खरं उदाहरण अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहराचं. 2009 ची महापौर निवडणूक. पहिल्या पसंतीत कर्ट राइट 2951, बॉब किस 2585 आणि अँडी माँट्रोल 2063. माँट्रोल बाद झाले आणि शेवटच्या फेरीत किस यांनी राइट यांना 4313 विरुद्ध 4061 असं हरवलं. नंतर सगळ्या मतपत्रिका जोडी लावून तपासल्या, तेव्हा दिसलं की माँट्रोल यांनी समोरासमोर राइट यांनाही हरवलं असतं आणि किस यांनाही. पुढच्याच वर्षी, 2010 मध्ये, शहराने मतदान घेऊन ही पद्धत रद्द केली. 2021 मध्ये त्याच शहरातल्या लोकांनी नगर परिषदेच्या निवडणुकीसाठी पुन्हा तिलाच कौल दिला.